बांबूचा पेटारा आणि मूठभर धान

दिघोरी, जिल्हा भंडारा. १० मे १९७३, गुरुवार, सकाळची एस.टी.

हजर: मामाजी, म्हणजे माझे सासरे, पलटणीच्या बँडमधून रिटायर झालेले. सासूबाई. माझा धाकटा भाऊ प्रल्हाद, भंडाऱ्याला पितळेच्या भांड्यांच्या दुकानात कामाला. माझे यजमान मनोहर. मी, सुलोचना. आणि बांबूचा पेटारा. पेटाऱ्याला मी हजेरीत धरते, कारण त्या दिवशी सगळ्यांचे डोळे आमच्यावर कमी आणि त्याच्यावर जास्त होते.

पेटाऱ्यात मामाजींचा बॅगपाईप होता. गावात त्याला सगळे मशक म्हणत. चामड्याची पिशवी, खांद्यावर टेकणाऱ्या तीन लांब नळ्या आणि बोटांनी वाजवायची एक, सगळ्या शिसवी लाकडाच्या. जयंतीच्या मिरवणुकीत मामाजी पुढे आणि हे मागे, असं आळीपाळीने वाजवत जायचे. यांनाही पलटणीत जायचं होतं, पण उजव्या डोळ्यात फूल पडलेलं, भरतीत पहिल्याच टेबलावरून परत पाठवलं. मग मामाजींच्या एका जुन्या सोबत्याचं पत्र आलं. तो डेहराडूनच्या वर डोंगरात एका बोर्डिंग शाळेत चौकीदार होता. शाळेला बँड शिकवणारा माणूस हवा होता. सोमवारी सकाळी प्रिन्सिपल साहेबांसमोर वाजवून दाखवायचं, आणि वाद्य स्वतःचं आणायचं.

बटईचं, म्हणजे वाट्याने कसायचं शेत आम्ही सोडून दिलं होतं. दुसऱ्याने त्यात खत टाकायलाही सुरुवात केली होती. म्हणजे वाटेत मशक फुटली, तर तिकडे काम नाही आणि इकडे शेत नाही. हे मी आठवडाभर कोणाजवळ बोलले नाही.

त्या आठवड्यात घरात एकच विषय, मशक न्यायची कशात. मामाजींची पलटणीची काळी पत्र्याची पेटी होती, वर पांढऱ्या रंगात नाव. त्यांचं म्हणणं, "पलटणीचं सामान पेटीतच जाते. विचारायचं काय त्यात?" यांचं म्हणणं, होल्डॉलमध्ये गादीत गुंडाळून नेऊ. प्रल्हाद भंडाऱ्याहून सुट्टी काढून आला तो गोणपाटाचा बोरा आणि तणस घेऊनच. पितळेचे गुंड ते लोक भाताच्या तणसात बांधून गावोगाव पाठवतात, एकाला पोचा येत नाही.

"बाई, तू फक्त हो म्हण. असा बांधून देतो का रेल्वेखाली आला तरी आवाज येनार नाही."

"रेल्वेखाली कायले टाकतो रे भाऊ?" सासूबाई म्हणाल्या. "पहिले बोहनी तं होऊ दे पोराची."

मला भीती होती उन्हाची. आपल्याकडचा मे महिना कोणाला सांगायला नको. शिसवी लाकूड एकदम तापलं की तडकतं, आणि पेटी तर एस.टी.च्या टपावर जाणार. म्हणून मी मेणाचे गोळे केले. नळ्यांच्या सांध्यांवर मेण लावलेला दोरा गुंडाळतात, तेच मेण. एक गोळा पत्र्याच्या पेटीत, एक होल्डॉलमध्ये, एक तणसाच्या बोऱ्यात, आणि एक बुरडाकडून आणलेल्या झाकणाच्या पेटाऱ्यात. चारही वस्तू अंगणात उन्हात ठेवल्या. दुपार कलल्यावर उघडून पाहिलं. पेटीतल्या मेणाचं पाणी झालं होतं. होल्डॉलमधलं पसरलं होतं. बोऱ्यातलं बरं होतं, पण बोऱ्यावर कोणी पाय ठेवला तर नळी मोडणार. पेटाऱ्यातलं मेण जरा मऊ, एवढंच. बांबूतून वारा खेळतो.

मामाजींनी तो गोळा बोटाने दाबून पाहिला आणि पेटी उचलून आत नेऊन ठेवली. मग बाहेर येऊन म्हणाले, "वाटेत उघडजो नका. लू लागली का रीड बसलीच समज. पोचल्यावरच उघडजो." रीड म्हणजे नळीतली सूर काढणारी वेताची पातळ पाती, गरम वाऱ्याने ती वाकते.

पेटाऱ्याला आतून वाकळ लावली. नळ्या माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळल्या, पिशवी मधे ठेवली. झाकण बांधणार तेवढ्यात सासूबाई आल्या आणि पदराच्या चिंधीत बांधलेलं मूठभर धान पिशवीच्या खाली खोचलं. दूर जाणाऱ्याच्या सामानात घरचं धान ठेवायचं, आणि तो वापस आला की तेच धान पऱ्ह्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात टाकायचं, हा त्यांच्या माहेरचा रिवाज. "घरचा दाना सोबत असला का मानूस वापस येते," त्या म्हणाल्या. मी उन्हाची परीक्षा घेतली होती. धानाचा विचार माझ्या मनात आला नाही. आपल्या घरात धान कुठे नसतं?

एस.टी. आली. कंडक्टरने पेटारा टपावर टाकायला सांगितलं. मी नाही म्हटलं आणि मांडीवर घेऊन बसले. खिडकीतून मामाजींनी हात लावला तो माझ्या डोक्याला नाही, झाकणाला. सासूबाई रडत नव्हत्या. "पानी पेत जाजो वं," एवढंच म्हणत बसच्या बाजूने चालत राहिल्या, बस वळेपर्यंत.

पुढचा प्रवास मला भीतीनेच आठवतो. नागपूरला गर्दीत एका माणसाची लोखंडी ट्रंक पेटाऱ्यावर आली तेव्हा मी मधे पाठ घातली. गाडीत डबा तव्यासारखा तापला. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या जंक्शनवर गाडी बदलायची होती आणि पुढची गाडी उशिरा होती. मुसाफिरखान्यात सावली पाहून पेटारा बाकाखाली सारला आणि आम्ही वर बसलो.

दुपारी मला आवाज ऐकू आला. कट्. थोडं थांबून पुन्हा, कट् कट्.

"ऐकलं का?" मी यांना म्हटलं. "लाकूड तडकून राहिलं."

हे खाली वाकले. "उघडू का?"

"मामाजी नाही म्हणाले ना."

"मंग काय करू? आयकत बसू?"

मी टॉवेल नळाखाली भिजवला, पिळला आणि पेटाऱ्यावर पसरला. आवाज थांबला. मला वाटलं, गारवा लागला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. पुन्हा टॉवेल भिजवला. गाडी येईपर्यंत मी नळ ते बाक, बाक ते नळ करत होते. दर वेळी आवाज थांबायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा. हे डोळे मिटून बसले होते, पण त्यांची बोटं मांडीवर चालू होती. सोमवारी वाजवायची धून ती बोटं वाजवत होती.

रविवारी सकाळी डोंगरावर पोचलो. चौकीदार काकांनी एक खोली दिली. मी झाकण सोडलं. नळ्या पाहिल्या, एकेक उजेडात धरून, टोकापासून टोकापर्यंत. एकही चीर नव्हती. मी हसले. मग यांनी पिशवी उचलली.

पेटाऱ्याचा खालचा कोपरा कुरतडलेला होता. चिंधी फाटली होती, वाकळीत भाताची टरफलं पसरली होती. आणि धानापर्यंत पोचताना उंदराने चामड्याच्या पिशवीला चार आण्याच्या नाण्याएवढं भोक पाडलं होतं.

यांनी पिशवीला तोंड लावून फुंकलं. भोकातून सूऽ करून हवा गेली. पुन्हा फुंकलं. तो आवाज मी विसरले नाही. शेत गेलं, हे मला तेव्हा नीट कळलं. मी खाली बसून वाकळीतले उरलेले दाणे वेचायला लागले, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

दाणे वेचता वेचता सुचलं, पंक्चर. आपल्याकडे प्रत्येक गावात सायकल आणि प्रत्येक सायकलला सोल्यूशनची ट्यूब. पण त्या गावात सगळी चढणच, सायकल कोणी वापरतच नव्हतं. ज्याला विचारावं तो मान हलवी. शेवटी बस अड्ड्यावर ट्रकच्या चाकांचा मिस्त्री सापडला. मी पदराखालून पिशवी काढून त्याच्यासमोर धरली. त्याने उलटसुलट करून पाहिली.

"बहनजी, ये किस गाड़ी का ट्यूब है?"

"ये गाड़ी नहीं, बाजा है. कल बजाना है."

तो इतका हसला की शेजारचे दोघे पाहायला आले. पण चामडं त्याने नीट घासलं, रबराचा तुकडा लावला, वर वजन ठेवलं आणि म्हणाला, रातभर हात मत लगाना. भुऱ्या उंटासारख्या त्या पिशवीवर मोठा काळा चट्टा उठला होता.

सोमवारी हे आत गेले, मी व्हरांड्यात उभी. मशक वाजवताना पिशवी डाव्या कोपराखाली दाबतात. तुकडा नेमका त्याच जागी आला होता. पहिल्यांदा हवा भरली तेव्हा मी सूर ऐकतच नव्हते, मी सूऽ ऐकत होते. तीन नळ्या एकदम बोलल्या. मग धून सुरू झाली, मिरवणुकीतली, दिघोरीच्या गल्लीतली. मी भिंत धरून उभी होते आणि प्रत्येक ओळीला वाटत होतं, आता सुटेल, आता सुटेल. नाही सुटलं.

वाजवणं संपल्यावर प्रिन्सिपल साहेबांचा आवाज आला, "बैग पर ये काला क्या है?"

"साहब, पंक्चर है."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज. "कल से आ जाओ."

मी मामाजींना सगळं कळवलं, उंदरासकट. उत्तर त्यांच्या अक्षरात आलं, पण बोल सासूबाईंचे होते: "उंदराले बी भूक लागते. उरला दाना सांभाळून ठेवजो. येसान तवा घेऊन येजो."

इथेच गोष्ट संपायला हवी होती. पण बोर्डिंग शाळेला सुट्टी लागते थंडीत. बर्फ पडतं, मुलं घरी जातात, आणि आम्ही दिघोरीला. तेव्हा धान कापून झालेलं असतं, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नुसती बुडखं. पऱ्हे टाकतात ते मृगात, तेव्हा इथे शाळा भरलेली असते आणि यांना एक दिवस मोकळा नसतो. पहिल्या थंडीत मी चिंधी काढून दिली, तेव्हा सासूबाईंनी ती माझ्या हातात परत ठेवली. "आता नाही व. पऱ्ह्याच्या टायमाले आन." त्यानंतर दर थंडीत त्या विचारतात, "आनला का दाना?" मी हो म्हणते. त्या म्हणतात, "ठेव मंग." मामाजी गेले त्या वर्षीही आम्ही पोचलो ते थंडीतच. त्या वेळीही त्यांनी हेच विचारलं.

आता १९८८ चाललंय. आपल्या भागातले तुम्ही किती तरी जण माझ्यासारखेच बाहेर आहात, कोणी भिलाईला, कोणी नागपूरला, आणि सुट्टी मिळते तेव्हा जाता. आपलं घर आपल्याला सुट्टीतच माहीत आहे. चिखल, रोवणी, पऱ्ह्याचा हिरवा तुकडा, हे सगळं आपण नसताना होतं. मला घर म्हटलं की आता ओटा आठवत नाही. मी कधीच नसते त्या दिवसांतली ती बांधी आठवते, आणि तिच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, वाट पाहत उभ्या सासूबाई.

मशकीला आता शाळेने फायबरची पेटी दिली आहे. आत मखमल, कडेला पितळी कड्या, ना ऊन लागत ना उंदीर. तरी ती कुठे न्यायची असली की झाकण लावल्यावर मी कान लावून थोडा वेळ बसते. हे हसतात. पेटीत रीड ठेवायला एक छोटा कप्पा आहे. धानाची चिंधी त्यात आहे.

सासूबाईंना आता नीट दिसत नाही. यंदा मृगात आठ दिवसांची रजा मागायची, असं मी माघ महिन्यात ठरवलं. गाडीची वेळ पाहून ठेवली आहे, सामान काय न्यायचं तेही ठरलं आहे. फक्त यांना अजून शाळेत विचारू दिलेलं नाही. इतक्या वर्षांचं धान, आता रुजेल की नाही कोण जाणे. मी ते वाफ्यात टाकीन, सासूबाई धुऱ्यावर उभ्या राहतील, रोज सकाळी विचारतील, "निंगालं का व?"

रजेचा अर्ज: बाकी.