भाऊजींचं नाक

गॅस कंपनीत आमच्या भाऊजींना कोणी त्यांच्या नावाने हाक मारत नसे. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना ‘नाकोबा’ म्हणायचे आणि भाऊजींना ते आवडायचंही. माणसाला कशाचा गर्व असावा याला काही धरबंध नाही. यांना नाकाचा होता. रस्तोरस्ती फिरून गळती शोधायची हे त्यांचं काम. गॅसला मुळात वास नसतो, गळला तर कळावा म्हणून त्यात कुजका वास मिसळतात. जमिनीखालचे लोखंडी पाइप जुनेपुराणे, कुठे ना कुठे पाझरायचेच. भाऊजी भिंतीच्या फटीशी वाकायचे, दोनदा श्वास घ्यायचे आणि बोट दाखवायचे. तिथे खणलं की भोक सापडायचं. कंपनीने दिलेलं गॅस मोजायचं मशीन त्यांच्या पिशवीत डब्याखाली धूळ खात पडलेलं असायचं.

मग एका हिवाळ्यात त्यांना सडकून ताप आला. ताप उतरला, पण वास जो गेला तो गेलाच. ताईला ते कळलं दुधामुळे. दूध करपून घरभर वास सुटला तरी हे स्वयंपाकघराच्या दारात पेपर वाचत बसले होते.

“अहो, ऑफिसात सांगून टाका,” ताई म्हणाली.

“सांगतो गं. एवढ्या चार गल्ल्या होऊ देत.”

त्या वेळी सगळीकडे जुने पाइप काढून प्लास्टिकचे नवे टाकणं चाललं होतं. ते संपलं की भाऊजींना कंट्रोल रूममध्ये खुर्ची द्यायची, असं साहेबांनी कबूल केलं होतं. आधीच सांगितलं असतं तर खुर्ची कसली, घरी बसवलं असतं. म्हणून हे आडोशाला जाऊन मशीन लावायचे, आकडा बघायचे आणि चारचौघांत येऊन हुंगल्याचं सोंग करायचे. ताईने ते पोटात ठेवलं. मी तिचा सख्खा भाऊ, नवे पाइप जोडणाऱ्या टोळीत रोज भाऊजींच्या मागेपुढे असणारा. मलाही तिने ताकास तूर लागू दिली नाही. त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

शिंप्याची गल्ली शेवटची होती. नवा पाइप जोडून होईपर्यंत जुन्यातला गॅस चालूच ठेवावा लागतो. आम्ही त्याला खेटून रस्ता फोडत होतो आणि घराघरांतली भांडी वाजत होती. दुपारी शिंप्याची बायको बाहेर आली. ती काजं करायची, बोटाला दोरा तसाच गुंडाळलेला होता.

“चुलीमागच्या कोपऱ्यात गॅसचा वास येतोय हो. सकाळपासून येतोय.”

भाऊजींना बोलावलं. नाकोबा हुंगणार म्हटल्यावर शेजारपाजारचे जमले. भाऊजींनी पिशवीत हात घातला. एवढ्या माणसांत आडोसा कुठला मिळणार! शिंपी हसला. “काय हो नाकोबा, मशीन काढताय? आज नाकाला सुट्टी का?” सगळे खो खो हसले. भाऊजींचा हात रिकामाच बाहेर आला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि मीही हसलो.

ते कोपऱ्यात वाकले. दोनदा श्वास घेतला.

“गटाराचा वास आहे. खणल्यामुळे येतोय. गल्लीकडची खिडकी लावून घ्या, दोन दिवसांत जाईल.”

“गटाराचा वास मला कळत नाही होय?” ती म्हणाली. “हा तो नाही.”

“अगं, तू नाकोबांना शिकवणार का आता?” शिंपी म्हणाला. ती बिचारी एवढंसं तोंड करून आत गेली.

भाऊजींना चैन नव्हतं. पहाटे उठून मशीन लावून येतो, असं त्यांनी ताईला सांगितलं आणि चहाही न घेता निघाले. ते गल्लीच्या तोंडाशी पोचले तेवढ्यात आवाज झाला. शिंप्याची बायको चूल पेटवायला उठली होती. भिंत रस्त्यावर येऊन पडली. शिंपी बाहेर नळावर होता म्हणून वाचला.

रीतसर चौकशी झाली आणि सगळा दोष जुन्या पाइपच्या माथी मारला गेला. पाइप काय उलटून बोलतोय! त्या गल्लीतला नवा पाइप मी जोडला, आणि भाऊजींना खुर्ची मिळाली. त्यांचं जेवण मात्र तुटलं. ताट समोर घेऊन नुसते बसायचे. शेवटी एकदा ताटावरून उठून त्यांनी मला सगळं सांगितलं आणि म्हणाले, “चल माझ्याबरोबर.”

ताई दारात आडवी आली. “संसाराची माती करायला निघालात! ती परत येणार आहे का?” त्यांनी तिला हळूच बाजूला केलं.

शिंपी भावाच्या घरी मागच्या खोलीत राहत होता. कापड बेतत होता. आम्हाला बघून उठला आणि म्हणाला, “या नाकोबा, बसा.”

भाऊजी बसले नाहीत. “मला वास येत नाही,” ते म्हणाले. “त्या दिवशीही येत नव्हता. तापात गेला. मी खोटं बोललो.”

शिंप्याच्या हातात कात्री होती. मी पुढे सरकलो. त्याने कात्री कापडावर ठेवली आणि खाली बसला.

“मला येत होता,” तो म्हणाला. “तिच्याएवढाच येत होता, रात्रभर. ती खिडकी उघडायला उठली, तर मीच तिच्यावर ओरडलो. म्हटलं, नाकोबांनी लावायला सांगितलीय ना, मग राहू दे लावलेली.”