आप्पाची किटली

किटली आधी घरला आली. शेजारच्या यल्लव्वाचा जावई ती हातात धरून दारात हुबा ऱ्हायला, आत येईना. झाकण घट्ट बसलेलं, दूध भरलेलं, थेंबभर सांडलं न्हवतं. म्हणाला, "आक्का, आप्पा वड्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसल्यात... जरा चला." बसल्यात म्हणाला तवाच मी समजले. ज्याला बसल्या जागेवरनं उठवायला एवढं झटलो त्यो वाटंत बसलाय म्हंजे आता उठत न्हाय. किटली मातुर त्यानं शेजारी नीट ठेवली हुती. दूध सांडू दिलं न्हाय.

आप्पा माझा धाकटा भाऊ. मला सहीपुरतं लिवता येतंय, म्हणून मी सांगतीया आणि भाची लिवून घेतीया. आमचं गाव निपाणीच्या अंगाला. गड्यांनी तंबाखूच्या वखारीत राबायचं, बायांनी घरात बिड्या वळायच्या. नवरा गेल्यावर मी म्हायेरी आले आणि बिड्या वळायचं सूप मांडीवर घेतलं, ते आजून हाय. आप्पा वखारीत पोती उचलायचा. लई ताकदीचा गडी. पुढं वखार बंद पडली आणि त्याच वरसाला त्याची बायको मालू गेली. तवापास्नं त्यो सोप्यात खांबाशेजारी भिंतीला टेकून बसला, त्यो बसलाच. एक बिडी विझायची, दुसरी पेटायची. जेव म्हटलं तर जेवायचा, न्हायतर तसाच. रडायचा न्हाय, भांडायचा न्हाय. लोक म्हणायचे आळशी झालाय, बहिणीच्या जिवावर बसून खातोय. आम्ही अंगारा आणला, कोंबडं दिलं, उतरून टाकलं. मनाला बी दुखणं लागतंय आणि त्याला बी औषध असतंय, हे सांगणारं कोण हुतं? वरसं गेली... डोसक्याच्या तेलानं भिंतीवर ताटाएवढा काळा डाग पडला.

शेवटाला भाचीनं हट्ट करून बेळगावला मनाच्या डाक्टरकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या, झोप लागाय लागली. त्याच दवाखान्यात सुजाता म्हणून एक पोरगी हुती, सांबऱ्याची. हेल्थ कोच का काय म्हणत्यात तिला. मन खचलेल्या माणसांची बिडी-सिगारेट सोडवायची आणि त्यास्नी चालतं-फिरतं करायचं, हे तिचं काम. यल्लव्वानं इचारलं, "म्हंजे तालमीतला वस्ताद काय गं?" पोरगी हसून म्हणाली, "व्हय आजी, तसंच समजा." तवापास्नं गल्लीत ती वस्तादबाई झाली. दर आठवड्याला फोन करायची. आप्पा नुस्ता हूं म्हणायचा, तर ती तेवढ्या हूं वर बी फोन धरून ऱ्हायची. म्हणायची, "आप्पा, बिडीनं मन हलकं झाल्यागत वाटतंय, पर ती नुस्ती तलफ भागवत्या. आणि ती तलफ बिडीनंच लावल्याली असत्या."

एकदा तिनं मला सांगितलं, घरात बिडी-तंबाखू त्यांच्या नजरंसमोर नको. आता आमच्या घरात दुसरं हाय काय? पर मी सूप उचललं आणि यल्लव्वाच्या घरात जाऊन बसले. आमच्या सोप्यात वळाय बसणाऱ्या सगळ्या बाया बी माझ्यामागनं तिकडं. सोपा झाडून लख्ख केला. मला वाटलं, आता ह्यो सुधारतोय. आप्पा मातुर लईच खाली गेला. भिंतीकडं तोंड करून पडाय लागला, फोन बी घेईना. मग ती पोरगी स्वता यष्टीनं आली. मोकळ्या सोप्यात हुबी ऱ्हाऊन इकडं तिकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आक्का, बिडी भाईर काढायची हुती. तुम्ही माणसंच भाईर काढलीसा की वं!"

सूपं परत आली. बायांची वटवट आली. आप्पाच्या मांडीवर भुईमुगाच्या शेंगा आल्या, हाताला काय तरी चाळा पायजे म्हणून. आणि तलफ आली की किटली घ्यायची आणि उठायचं, असं ठरलं. दूध कोपऱ्यावर बी मिळतंय, पर त्यानं आणायचं ते मोरीपल्याडच्या डेरीवरनं. पयल्यांदा देवळापतोरच जाऊन मोकळी किटली घेऊन माघारी आला. दम लागला हुता. मी काय तरी टाकून बोलणार हुते, पर वस्तादबाई फोनवर म्हणाली, "देवळापतोर गेलासा न्हवं? झालं की!" हळूहळू डेरी गाठली. मग निम्म्या गल्लीचं दूध त्योच आणाय लागला. यल्लव्वा टोमणा मारायची, "गवळी, आज पाणी किती घातलंस रं?" त्यो म्हणायचा, "तू च्यात दूध घालतीस कुठं, कळायला?" मालू गेल्यापास्नं त्यानं चेष्टा केलेली ती पयलीच. मी सुपात मान घालून बसले, डोळ्यात तंबाखू गेल्यागत करून.

मालूच्या श्राद्धाच्या तिथीला परत बिडी वढली त्यानं. सगळं संपलं म्हणून तोंड लपवून बसला. पोरगी म्हणाली, "आप्पा, पाठ टेकली म्हणून तालीम सोडत्यात काय?" परत उठला त्यो. मग मातुर बिडी न्हाय ती न्हायच. आजूबाजूला बाया बिड्या वळत्यात आणि मधी हा शेंगा फोडत बसलाय, असं बघायची सवय झाली आम्हास्नी.

आणि तशातच गेला. डाक्टर म्हणाले, धुरानं काळीज आधीच लई खराब झालं हुतं. गावानं मातुर दुसरंच काढलं. मयताला आलेली माणसंच म्हणाय लागली, "एवढ्या वरसांची बिडी सोडली, अंगाला मानवलं न्हाय." कुणाकुणाशी भांडू?

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला निवद ठेवला. भात, भजी, च्या. चुलतभावाचा तुकाराम पुढं झाला आणि बिडी पेटवून त्यानं पानावर ठेवली. मी बायांच्यात मागं. वरडले, "काढ ती!" म्हातारी माणसं म्हणाली, ठेवल्याला निवद मागं घेत न्हाईत. तुकाराम म्हणाला, "आक्का, आप्पांच्या आवडीची हुती गं." मी म्हटलं, "आवड न्हवती रं ती. दुखणं हुतं." पर धूर निघाला हुता. कावळा कशाला शिवला ते मला दिसलं न्हाय, नजर अधू झालीया. एवढ्या कष्टानं टाकलेली बिडी शेवटाला पानावर आलीच... तेवढं मनाला लागून ऱ्हायलंय.

वस्तादबाई भेटाय आलती. माझा हात धरून म्हणाली, "आक्का, मी लई उशिरा भेटले त्यास्नी." मी म्हटलं, "बाई, त्यो बसला तवा तू शाळंत असशील. तू कुठनं येणार?" मग तिनं बायांच्यात बसून मूठभर शेंगा फोडल्या.

आता दसरा आलाय. तुकाराम सोप्याला चुना माराय आलाय. खांबाशेजारी आल्यावर त्याचा हात थांबला. "आक्का, ह्यो डाग ऱ्हाऊ दे काय? आप्पांची आठवण."

मी म्हटलं, "मार चुना. तिथनं त्यो उठला हुता. आणि दारामागचा खिळा मातुर उपसू नगंस... किटली असतीया त्यावर."