सारलीनाचं काळं-लाल टेबल

केपटाउनकडच्या एलिम गावात लग्न असो, बारसं असो की ख्रिस्ती देवळातला चहापावाचा मेळा, टेबल सजवायचं बोलावणं जायचं ते सारलीना योर्स्टलाच. तरुणपणी ती गावाबाहेरच्या फुलांच्या गोदामात कामाला होती. डोंगरावरची फुलं सुकवायची, जुड्या बांधायच्या, खोकी भरायची. तिच्या जुड्या बोटीत बसून कुठल्या कुठल्या देशांत पोचल्या. ती स्वतः केपटाउनच्या पलीकडे कधी गेली नाही. पुढे गोदाम बंद पडलं, पण हातातली कला हातातच राहिली. ती टेबलाच्या मधोमध जे काही मांडायची, ते माणसं आधी घटकाभर बघत बसायची आणि मग वाढून घ्यायची.

घरचा नाताळ तर तिचा हक्काचा सण. दरवर्षी टेबल वेगळं. शेजारपाजारच्या बायका काहीतरी उसनं मागायच्या निमित्ताने डोकावून जायच्या, आणि साखर न घेताच परत फिरायच्या. नवरा कॉर्नेलिस घरांची गवती छपरं शाकारायचा. आपल्या घरात कोकरू भाजलं नाही तरी चालेल, फुलं वाढली की झालं, असं तो सगळ्यांना सांगत सुटायचा.

यंदा डिसेंबर, म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा, लागला आणि गावामागचा डोंगर पेटला. वारा असा माजला होता की ज्वाळा एका कड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत होत्या. त्यांची मुलगी लिओनोरा वणवा विझवणाऱ्या तुकडीत होती, आणि तिची तुकडी त्याच डोंगरावर. सारलीना दारात उभी राहून धुराकडे बघायची, चहा गार व्हायचा, पुन्हा करायची, तोही गार व्हायचा. अखेर आग आटोक्यात आली. गाव वाचलं, पोरगी सुखरूप घरी आली. पण डोंगर होत्याचा नव्हता झाला. मोठाल्या फुलांची प्रोटियाची झुडपं गेली, आणि सुकूनही वर्षानुवर्षं रंग न सोडणारी सातवर्षी फुलंही गेली.

लिओनोरा आंघोळ करून स्वयंपाकघरात बसली. केसांतून अजून धुराचा वास येत होता. ती म्हणाली, "आई, डोंगर मेला. आमच्या हातून नाही वाचला."

सारलीनाने तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवला. दुसऱ्या दिवशी तुकडीला पुढच्या वणव्यावर बोलावणं आलं. नाताळला सुट्टी मिळेल की नाही, ते लिओनोरालाही ठाऊक नव्हतं.

मग केपटाउनहून नणंदेचा, माग्दाताईंचा, फोन आला. त्यांनी चमकी लावलेली प्लास्टिकची फुलं घेऊन ठेवली होती. यंदा तुझी पंचाईतच आहे, तेव्हा मी सगळं घेऊनच येते, असं त्या म्हणाल्या. सारलीना म्हणाली, "आणा." पण त्या एका शब्दानंतर तिचं कशातच लक्ष लागेना. कॉर्नेलिसने एकदा थट्टा करून पाहिली, तीही फुकट गेली.

नाताळ तोंडावर आला तशी ती परडी घेऊन बाहेर पडली. ओढ्याकाठी जळायचं राहिलेलं एखादं हिरवं सापडलं तर बघावं, एवढाच विचार. ओढ्याकाठी काही नव्हतं. पाय आपसूक वर चढत गेले. पायाखाली राख, दोन्ही बाजूंना प्रोटियाचे कोळशासारखे सांगाडे. आगीच्या धगीने त्यांची बोंडं उकलून ताठ उभी होती, काळ्या लाकडातून कोरून काढल्यासारखी. एक वळण घेतलं आणि ती जागीच थबकली.

राखेतून लाल फुलं वर आली होती. पान नाही, काही नाही. नुसता देठ आणि त्यावर लालभडक झुकलेल्या घंटा. एक नव्हे, दोन नव्हे, अख्खा उतार. आगीनंतर उगवणाऱ्या लिलीबद्दल तिने म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं, पण या डोंगराला तिच्या उभ्या आयुष्यात आग लागलीच नव्हती. ती मटकन राखेत बसली आणि एकटीच हसायला लागली.

वाटेच्या कडेची मोजकीच फुलं तिने घेतली, बाकीची डोंगराची. मोडून पडलेल्या काळ्या फांद्या मात्र काखोटीला मावतील तेवढ्या उचलल्या आणि या वयात उतारावरून पळत सुटली. कॉर्नेलिस कुणाच्या तरी छपरावर होता. खालून हाका ऐकून तो घाईघाईने शिडी उतरला. बायकोचं तोंड काजळीने माखलेलं, डोळ्यांत पाणी.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कुणी गेलं नाही. डोंगर परत आलाय."

नाताळच्या आदल्या सकाळी माग्दाताई आल्या. सारलीना टेबलावर फांद्या रचत होती, आणि पांढऱ्याशुभ्र कापडावर काजळीचे पट्टे उमटत होते. फांद्या पुसल्या तर काळेपणाच जाईल, न पुसल्या तर पाहुण्यांच्या बाह्या काळ्या होतील.

माग्दाताईंनी कमरेवर हात ठेवून सगळं पाहिलं. "हे टेबल सजवलंयस की चूल विझवलीयस?"

माग्दाताईंनी एक फांदी उचलली, बोंड फिरवून फिरवून पाहिलं, बोटाला लागलेली काजळी पाहिली. मग मुकाट्याने आपली पिशवी उघडून केसांना मारायचा फवारा काढला. दोघींनी मिळून अंगणात एकेक फांदी फवारली. काजळी जागच्या जागी बसली, वर चकाकीही आली. फवारा संपला. उद्या देवळात माझे केस विस्कटलेले दिसले तर वहिनीचं नाव सांगेन, असं माग्दाताईंनी बजावलं. प्लास्टिकच्या फुलांचा विषय त्यांनी काढलाच नाही.

कापड बदललं. फांद्यांच्या आत औषधाच्या रिकाम्या बाटल्या पाणी भरून लपवल्या आणि प्रत्येकीत एक लाल देठ उभा केला. मधे मेणबत्त्या.

नाताळच्या दुपारी देवळातून सगळे आले. भाजलेलं कोकरू, मनुकांचा पिवळा भात, बीट, आल्याची घरची बिअर, सगळं मांडून झालं, तेवढ्यात दारात लिओनोरा दिसली. गणवेशातच, तशीच गाडीतून उतरून आलेली. टेबल बघून ती उंबऱ्यातच थांबली. ती जवळ आली, काळ्या फांदीला हात लावला, मग लाल फुलाला.

"ही कुठली?"

"तुझ्याच डोंगरावरची," सारलीना म्हणाली. "जिथे तू आग अडवलीस, त्याच्या वरच्या अंगाला."

लिओनोराने तोंडावर हात नेला. मग म्हणाली, "जेवण राहू दे. आधी मला दाखव."

आणि खरोखरच सगळं घर उठलं. कोकरावर ताट झाकलं, मेणबत्त्या विझवल्या, आणि नाताळच्या नव्या कपड्यांत, माग्दाताई उंच टाचांचे बूट हातात घेऊन, राख तुडवत सगळे डोंगर चढायला लागले. पुढे लिओनोरा, तिच्या मागे तिची आई, दोघी एकदमच बोलत.