कॅप्टनसाहेबांनी बदललेलं वाक्य

"स्वल्प थांबा अक्का. खरंच असं झालं का?"

आत्मचरित्र सांगताना कॅप्टनसाहेब दर दोन वाक्यांनी मला असं कानडी ढंगात थांबवायचे आणि पुढचा प्रश्न स्वतःलाच विचारायचे. जयनगरातल्या त्यांच्या घरी मी टायपिंगला जात असे. इंग्रजांच्या फौजेत अधिकारी, स्वातंत्र्यानंतर दोनदा आमदार. आठवणींना तिखटमीठ लावणारी माणसं तुम्ही-आम्ही पुष्कळ पाहिली. या गृहस्थांनी मात्र घोडा तांबडा होता की करडा, हे आठवेना म्हणून माझी अख्खी सकाळ घालवली. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, घोडा काही तक्रार घेऊन येत नाही."

"म्हणूनच तर," साहेब म्हणाले.

एका प्रकरणाशी ते महिनाभर अडले. तरुणपणी, आपल्याच तालुक्यातल्या बाजारपेठेत, तिरंगा घेऊन आलेल्या जमावावर त्यांनी गोळीबाराचा हुकूम दिला होता. एक विणकर मेला. पुढे तिथूनच ते निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा पक्षातल्यांनी सुचवलं, हुकूम गोऱ्या साहेबाचा होता म्हणा. तो गेला त्याच्या देशी, विचारणार कोण? कॅप्टनसाहेबांनी भर सभेत सांगितलं, "हुकूम माझा होता." ती निवडणूक ते हरले. नंतरच्या दोन जिंकले.

विणकराची मुलगी याच शहरात, राजाजीनगरात राहते, हे त्यांना कित्येक वर्षं ठाऊक होतं. जायचा धीर झाला नव्हता. "हे प्रकरण तुम्ही वाचून दाखवाल तिला?" त्यांनी मला विचारलं.

मी गेले. म्हातारीनं डोळे मिटून ऐकलं. 'हातात झेंडा घेऊन तो सर्वांत पुढे होता' या वाक्याशी तिनं मला थांबवलं.

"आमचे अप्पा मोर्च्यात नव्हतेच गं. सूत आणायला गेलते."

"साहेबांना सांगू?"

"सांग की. खरं लिहितात म्हणतीस ना?"

मी साहेबांना सांगितलं. "निदान लढताना गेला, असं इतकी वर्षं धरून चाललो होतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "लिहा अक्का. तो सूत आणायला निघाला होता."

त्यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही. त्याच महिन्यात ते गेले.

माजी आमदार म्हणून मानवंदनेला पोलिसांची तुकडी आली. शिपायांनी बंदुका उचलल्या, तोच सूनबाईंनी साहेबांच्या हातची कन्नड चिठ्ठी अधिकाऱ्यापुढे धरली. एकच ओळ होती: माझ्यासाठी बंदूक झाडू नये.

अधिकाऱ्यानं ती दोनदा वाचली. "सरी, अम्मा," तो होकार देत हळूच म्हणाला आणि हुकमासाठी उचललेला हात त्यानं खाली केला. बंदुका उतरल्या. आम्ही सगळे तसेच उभे राहिलो. समोरच्या झाडावरचे कावळे जागचे हलले नाहीत.