करपलेल्या गुळाचा वास
गूळ करपल्याचा वास आला की आसगावच्या घरातली आमची चूल आठवते. संक्रांतीच्या आदल्या दुपारी आई गुळाचा पाक करत होती. आम्ही दोघी बहिणींनी टपोरी बोरं बांबूच्या काड्यांना टोचून ठेवली होती. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी ताटलीवर टणकन वाजली की बोरं बुडवायची. तेवढ्यात बाप अड्याळच्या बाजारातून मोहाची दारू पिऊन आला. "जेवन काहून नाही झालं वं अजून?" म्हणत त्याने आईच्या पाठीत लाथ घातली, केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. कपाळातून रक्त आलं, तरी तिने पळी सोडली नाही. "थांबा जराक, पाक जळून राहिला," ती म्हणाली, "मंग मारा." त्याने पुन्हा हात उगारला, तशी तिने पळीभर उकळता पाक त्या हातावर फेकला. बापाने गुरासारखं ओरडत हात बादलीत खुपसला. पाक गार पाण्यात हातावरच टणक झाला आणि ओढून काढताना कातडीसकट निघाला. "पोरीहो, बोरं आना, पाक घट्ट होऊन राहिला," आई म्हणाली. आम्ही रडत रडत बोरं बुडवली. पुढे बाप पिऊन येताना दिसला की आई चुलीवर गूळ चढवायची, घरात बोरं असोत की नसोत, आणि तो वास आला की बाप अंगणातूनच माघारी फिरायचा. आता माझ्या घरी पाक करपला की सगळे नाकं मुरडतात. मला मात्र त्या वासाने निर्धास्त वाटतं.