छापील नमुन्यातला शेवटचा आयटम

"टॉयलेट उडवा आणि उद्या फाइल द्या," डेप्युटी इंजिनियर साहेब म्हणाले.

मी बांधकाम खात्यात ज्युनियर इंजिनियर. मुखेडच्या पुढच्या एका गावात शाळेच्या दोन खोल्या, व्हरांडा, प्रवेशाची कमान आणि मुलींचं टॉयलेट मंजूर होतं. अंदाजपत्रक माझंच. ते मंजूर होऊन टेंडर निघेपर्यंत सरकारी बांधकामावरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून अठरा झाला. मंजूर रक्कम तेवढीच राहिली.

हा कर कोण देतं? कंत्राटदार सिमेंट, सळई कर भरूनच आणतो आणि आपल्या बिलात आमच्याकडून कर घेतो. आम्ही तो शाळेसाठी आलेल्या सरकारी पैशातून देतो. तो जातो सरकारकडेच. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात. मधल्यामध्ये शाळा तेवढी लहान होते.

"वाढीव रकमेची मान्यता मागू या," मी म्हणाले.

"नांदेडला फाइल गेली की वर्ष गेलं. निधी परत जाईल."

"मग टॉयलेटच का?"

"शेवटचा आयटम हाय ना तो. खालून कापायचं. नवीन आहात काय तुम्ही?"

नवीन नव्हते, त्याचीच लाज वाटली. आमच्या छापील नमुन्यात टॉयलेट कायम तळाशी. पैसे कमी पडले की खालून लाल रेघ. आधीच्या दोन शाळांत मीही ती मारली होती, काही विचार न करता.

दुपारी आखणीसाठी गावात गेले. मुख्याध्यापिका बाईंना खरं ते सांगितलं. त्यांनी मला सातवीच्या वर्गात नेऊन मुलींच्या बाजूच्या माठावरचं झाकण काढलं.

"एक वाजून गेला, मॅडम. सकाळी भरला तसाच हाय. पोरी पाणीच पिऊन नाही राहिल्या. जायचं कुठं त्यांनी?"

माठ काठोकाठ भरलेला होता.

परतीच्या एसटीत नकाशाच्या पाठीमागे मी यादी केली : कशावाचून शाळा चालेल? एक, कमान. दोन, व्हरांड्याच्या टाइल्स. तीन, बाहेरचा ऑइल पेंट. रक्कम बसली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी यादी वाचली. "कमान काढली? सरपंच डोक्यावर बसतील. उद्घाटनाची फीत कुठं बांधायची?"

"टॉयलेटच्या दाराला बांधा."

"मस्करी पुरे. नेहमीसारखं करा."

"करते. फक्त शेरा तुमच्या हातानं लिहा : कर वाढल्यामुळे मुलींचं टॉयलेट रद्द. खाली मी सही करते."

साहेबांनी पेन उघडलं. तसंच धरून बसले. मग माझी यादी पुढं ओढली आणि तिच्यावर सही केली. "लई बोलता हो तुम्ही," एवढंच म्हणाले.

टॉयलेट झालं, नळासकट. फीत दोन खोल्यांच्या मधे बांधली. सरपंच माझ्याशी बोलले नाहीत. व्हरांडा मात्र खडबडीत काँक्रीटचाच राहिला, आणि पोरं रोज त्याच्यावर बसून खिचडी खातात. त्यांच्या बुडाखालच्या टाइल्स करात गेल्या. त्याचा राग मला अजून येतो.

कर वाढवताना मला कोणी विचारत नाही. छापील नमुना काही म्हणो, आयटमचा क्रम मात्र मीच लिहिते. आता माझ्या प्रत्येक अंदाजपत्रकात टॉयलेट पहिल्या पानावर असतं, पायाच्या खोदाईला लागून. तळाला कमान.