जात्याच्या पलीकडची शालूबाई

पन्हाळ्याच्या कचेरीतनं धम्मपाल रिटायर झाले, तेव्हा हार घालणाऱ्यांची रांग पार जिन्यापर्यंत गेलती. सत्काराचे फोटो, शूटिंग, सगळं त्यांनी कोल्हापुरातल्या घरच्या कम्प्युटरवर चढवलं. आल्या पावण्याला चहाच्या आधी ते बघावं लागायचं. पावणं उठायला लागलं, की हे म्हणणार, "बसा की, अजून साहेबांचं भाषण ऱ्हायलंय."

त्याच कम्प्युटरात आईच्या, तानाबाईच्या, ओव्या होत्या. गिरणी आल्यापासनं जातं कोपऱ्यात पडलेलं. पण धम्मपालांनी हौसेनं ते मांडलं आणि माईक लावून ओव्या टेप केल्या.

पुढं कम्प्युटरात व्हायरस शिरला. दुरुस्तीवाला तोहिद म्हणाला, "काका, सगळं पुसावं लागंल. सीडी एकच हाय. सत्कार ठेवू का गाणी?"

"सत्कार ठेव. तो काय पुन्हा हुतोय? आई घरातच हाय, परत म्हणंल की."

हिशेब कसा, चोख! तोहिदनं बाकीचं पुसलं.

महिन्याभरानं चंदगडहून संघप्रिया आली. शेजारच्या शालूबाईची ही नात. शालूबाई वारून वरीस झालं होतं. पोरगी म्हणाली, "मामा, आज्जीचा आवाज ऐकवा की."

तेव्हा कुठं धम्मपालांच्या डोक्यात उजेड पडला. जातं दोघी ओढतात. एकीनं ओवी टाकायची, दुसरीनं पुरी करायची. टेप करताना जात्याच्या पलीकडं शालूबाई बसलेली, हेच गडी विसरला होता.

"लाव की रं धम्मा," तानाबाई म्हणाली.

"बिघडलाय गं कम्प्युटर," ते पुटपुटले. आणि समोर पडद्यावर तर गळ्यात हार घालून तेच हसत होते. घाईघाईनं बंद करायला गेले, तर भाषणच सुरू झालं.

शेवटी खाली मान घालून खरं सांगितलं.

"तुझं हार ठेवलंस व्हय," आई एवढंच म्हणाली.

पोरगीचा चेहरा बघून म्हातारीनं गळा खाकरला.

"शाळेला निघालं गं, माझं लेकरू अनवाणी..."

आणि थांबली.

"पुढं?" संघप्रियानं विचारलं.

"पुढचं शालूचं. ती दर खेपेला नवंच जोडायची. मला न्हाय येत."

धम्मपालांना आईकडं बघवेना, आणि पोरीकडं तर त्याहून न्हाय.